हरकत माझी होती, वैशू

वैशू, तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला आले तेव्हा सगळ्यात आधी मी काय पाहिलं, सांगू? चपला. तुझ्या दारापासून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चपला, स्लिपरा, गवंड्यांचे सिमेंट लागलेले बूट, शाळेतल्या पोरांचे काळे जोडे. फोटोतल्या तुझ्याकडे बघायच्या आधी माझ्या मनात आलं, माझ्या वेळी एवढे लोक येतील का? आणि उत्तरही लगेच आलं, की नाही येणार. स्टाफरूममधले आठ-दहा येतील, एक आजी आणि एक माजी प्राचार्य येतील, आणि सगळे घड्याळ बघतील. मेलेल्या मैत्रिणीवर जळणारी बाई आहे मी. हे तुला नाही सांगायचं तर कोणाला सांगायचं?

तुझा सोमवारचा ताप, गुरुवारची भरती आणि रविवारची सकाळ. एवढ्यात संपलं. डेंग्यू म्हणाले. तुझ्या घरच्यांना रडायला तरी वेळ मिळाला, मला तर तुझ्यावर चिडायलाही मिळाला नाही. भांडण अर्धवट ठेवून जायची तुझी सवय होतीच, पण एवढं लांब?

आता तीन आठवडे झाले. लिहायला बसले की माझी भाषा पुस्तकी होते, तू हसायचीस. "अर्चू, तू बोलतं तशी लिही ना वं. कायले एवढी इस्त्री करतं?" करते बाई इस्त्री. चोवीस वर्षं मानवाधिकार शिकवला की जिभेला घडी पडते.

आपण भेटलो ते संध्याकाळच्या एम.ए.ला. अकरा जणांचा वर्ग. मानवाधिकारात एम.ए. करून राहिलो म्हटलं की लोक विचारायचे, मंग का मोर्चे काढान का? मी सरळ बी.ए. करून आलेली, वहीला कव्हर घातलेली. तू बी.ए.नंतर आयटीआयचा सर्वेअर करून आलेली. दिवसभर एका खासगी मोजणीवाल्याकडे उन्हात टेप ओढायची, आणि सहाला वर्गात यायची ती मानेपर्यंत काळी पडलेली, पायात कॅनव्हासचे बूट, बुटात माती. सरांनी पहिल्या दिवशी तुला विचारलं, "हे दोन्ही कशाला? एक काहीतरी धरा." तू उभी राहून सांगितलंस, "सर, बाबा म्हणते, एक शिक्षण डोक्याचं घे, एक हाताचं. डोक्याचं शिकली त साहेब आयकन, हाताचं शिकली त वस्ती आयकन."

सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण घरी जाताना ते वाक्य रुतलं, ते आजपर्यंत निघालं नाही.

कारण माझे बाबा असं कधी म्हणाले नाहीत. आम्ही उमरेडचे कोष्टी. घरातला माग मी पाचवीत असताना बंद पडला आणि बाबा नागपूरला कापडाच्या दुकानात लागले. त्यांचं एकच म्हणणं होतं, "पोरी, हाताले काम लावू नको. हातानं आपल्याले का देल्लं?" ते चुकीचं नव्हतं. त्यांचे हात मी पाहिलेत. पण तुझे बाबा खापरखेड्याच्या पॉवर हाऊसवर ठेकेदारीत राख उपसून आले तरी तुला घ्यायला बसस्टॉपवर उभे राहायचे, आणि तू बसमधून उतरलीस की तुझ्या हातातली ती लांब पट्ट्यांची पिशवी काढून घेऊन स्वतःच्या खांद्याला लावायचे. परेडला निघाल्यासारखे. मी एकदा खापरखेड्याला आले होते तुझ्यासोबत, तेव्हा पाहिलं. त्या रात्री मी नीट जेवले नाही. तुझ्या आईला वाटलं भाजी तिखट झाली.

गोल्ड मेडल मला मिळालं. शाल, फोटो, पेपरात दोन ओळी. तुला सेकंड क्लास. आणि तुझ्या सेकंड क्लासवर मी चोवीस वर्षं जळले, हे कोणाला खरं वाटेल का? मी कॉलेजात लागले, प्राध्यापक झाले, विभागप्रमुख झाले. तू नागपुरातच नंदनवनच्या पलीकडे, नाल्याकाठच्या वस्तीत, पट्ट्यांच्या कामात शिरलीस. झोपडपट्टीतल्या घरांना मालकीचे पट्टे मिळायचे होते, आणि तू म्हणालीस, सरकारी मोजणी यायच्या आधी लोकांनी आपली मोजणी आपण केली पाहिजे. माणसाला स्वतःचं घर किती बाय किती आहे हेच माहीत नसेल तर तो चुकीच्या आकड्यावरही अंगठा देईल. तुझं सगळं तत्त्वज्ञान एवढंच होतं. माझा प्रबंध तीनशे चाळीस पानांचा होता.

तुला वर्गात पाहुणी म्हणून मीच बोलावलं, हा माझा मूर्खपणा. निवाऱ्याचा हक्क हा विषय. मी आठवडाभर कलमं लिहून दिली होती. तू आलीस, फळ्याकडे बघितलंही नाहीस. पिशवीतून टेप काढलास आणि विचारलंस, "ही खोली किती फुटाची आहे? कोण सांगते?" कोणी वीस म्हणालं, कोणी चाळीस. "रोज बसता ना इथी? मंग?" पोट्टे उठले. बाक सरकवले. मोजलं. मग तू म्हणालीस, आता हे चौसष्ट जण इथे बसतात, एका माणसाच्या वाट्याला किती आलं ते काढा. मग तुझ्या वस्तीतल्या मंजुळाबाईच्या घराचं माप सांगितलंस, तिथे सात जण राहतात, त्यांचं काढा. वर्ग एकदम गप्प झाला. चोवीस वर्षांत माझा वर्ग तसा गप्प झाला नाही. माझ्या वर्गातली शांतता वेगळी, झोपेची.

तास संपल्यावर पोरं तुझ्या मागे गेली. मी फळा पुसत बसले. शिपाई हजर असताना मी फळा पुसत होते, वैशू, कळतंय का तुला?

आणि मग त्या शनिवारी मी वस्तीत आले. का आले? मला दाखवायचं होतं, की मलाही येतं. तुझा नियम होता, टेपचं पहिलं टोक घरातली बाई धरेल. विद्यार्थी नाही, नवरा नाही, बाई. "पट्ट्यावर नाव दोघाईचं येते ना? मंग टेप धराच्या टायमाले बाई चुलीपाशी काहून?" सुरुवातीला बायका लाजायच्या, नवऱ्याकडे बघायच्या. मग पदर खोचून अशा घट्ट धरायच्या की टेप ओढला जायचा नाही. तू दुसऱ्या टोकाला, आणि आकडे लिहायला मी.

टेप जुना होता. पहिला एक फूट तुटून गेला होता, म्हणून एकच्या खुणेपासून धरायचा आणि आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा. तू मला निघताना सांगितलंस, चहा पिताना सांगितलंस, गल्लीच्या तोंडाशी परत सांगितलंस. "अर्चू, एक वजा कर. भुलू नको." मी म्हटलं, "मला काय दुधखुळी समजतेस?" आणि एकोणीस घरं, एका ओळीतली, एकाला एक लागून, मी जशीच्या तशी लिहिली. एकातूनही वजा केलं नाही.

दुपारी मंजुळाबाईच्या खाटेवर तू नकाशा काढायला बसलीस. अर्धी वस्ती भोवती. घर काढलं, त्याला लागून दुसरं, त्याला लागून तिसरं. गल्ली संपली तरी घरं संपेनात. शेवटचं घर मंजुळाबाईचं. ते कागदावर सरळ नाल्यात जाऊन बसलं. मंजुळाबाई वाकून बघते तर काय! "अवं माय! माह्यं घर नाल्यात काहून टाकलं वं? मी का केलं तुमचं?"

तू वहीवर नजर टाकलीस, माझ्याकडे बघितलंस आणि तुला एवढं हसू आलं की खाट हलायला लागली. "बायांनो, घाबरू नका. मॅडम दिलदार हाय. मॅडमनं सगळ्याईले एकेक फूट फुकट देल्ला!" सगळी वस्ती हसली. मंजुळाबाई तर डोळे पुसत हसली. तिची पोरगी सुनीता, तेव्हा दहावीत होती, ती माझ्या हातातून वही घेऊन भराभर एकोणीस वजाबाक्या करून मोकळी झाली. कोणी वाईट बोललं नाही. मला खुर्ची दिली, पोहे दिले. त्या दिवसापासून मी तिथे 'फुकट फूटवाली मॅडम'. प्रेमानंच म्हणायचे.

पण मला ते प्रेम नको होतं, वैशू. मला तुझ्यासारखं व्हायचं होतं, आणि त्यांनी माझा विनोद केला. नाही, त्यांनी नाही. तू केलास.

परत येताना आपलं भांडण झालं. मी म्हणाले, मोजणी हे कारकुनी काम आहे, हक्काला आधी विचार लागतो. हक्क फुटात मोजायला लागलो तर माणूस भिंतीएवढाच उरेल. तू स्कूटर थांबवलीस, तिथेच, जगनाडे चौकाच्या गर्दीत. "अर्चू, न मोजलेली गोष्ट पहिले कोण खाते, सांग." मी म्हणाले, "आणि मोजल्यावर शेजारी शेजाऱ्याशी भांडतो त्याचं काय?" तू म्हणालीस, त्याचं उत्तर आहे माझ्याकडे. मागून हॉर्न वाजायला लागले. "सांगीन तुले निवांत." ते निवांत नंतर कधी आलंच नाही. दर वेळी मी विचारायची, दर वेळी तू म्हणायचीस, निवांत. आता मला कधीच कळणार नाही की खरंच उत्तर होतं की नुसती थाप होती तुझी.

एक मान्य करते. माझा फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या कागदापेक्षा स्वयंपाकघर सव्वा फूट लहान होतं, हे तुझ्या डोळ्याला दारातूनच दिसलं. मी म्हणत होते, जाऊ दे, सव्वा फुटाचं काय एवढं. तू त्या माणसाला असं उभं धरलंस की महिन्याभरात भिंत पाडून परत बांधून दिली त्यानं. मानवाधिकाराची डॉक्टर मी, आणि माझ्या ओट्यासाठी भांडलीस तू. तिथे उभी राहून पोळ्या लाटते तेव्हा कोपर भिंतीला लागत नाही. रोज बरं वाटतं, आणि रोज रागही येतो. दोन्ही एकाच पोळीत.

आता फायलीबद्दल. त्यासाठीच तर बसले आहे.

कोर्सची कल्पना तुझी. मानवाधिकाराचं एम.ए. करतानाच मुलांना मोजणी आणि नकाशाचं प्रमाणपत्रही मिळावं, शनिवार वस्तीत, बाकीचे दिवस वर्गात. पदवी घेऊन बाहेर पडणारं पोरगं उद्या नोकरीलाही लागेल आणि लोकांच्या उपयोगीही पडेल. तुझ्या आयुष्याचाच अभ्यासक्रम केलास तू. माझ्याच स्वयंपाकघरात बसून लिहिला आपण तो. तू बोलायचीस, मी इस्त्री करायची. शेवटच्या पानावर प्रशिक्षक म्हणून तुझं नाव होतं, विभागप्रमुख म्हणून माझी सही.

त्याच आठवड्यात पॅसेजमधून जाताना दोन मुली बोलताना ऐकल्या. "वैशालीताईचा कोर्स सुरू झाला तर मी नक्की घेणार." वैशालीताईचा कोर्स! माझा विभाग, माझं कॉलेज, माझी चोवीस वर्षं, आणि वैशालीताईचा कोर्स. मी केबिनमध्ये गेले, दार लावलं, फाईल उघडली आणि लिहिलं: "प्रस्तावित प्रशिक्षक विहित शैक्षणिक पात्रता पूर्ण करीत नाहीत. सबब प्रस्ताव पुनर्विचारार्थ राखून ठेवावा." खाली सही. दोन मिनिटं लागली. व्यावसायिक अनुभव असलेल्या माणसाला प्रशिक्षक म्हणून घेता येतं, हा नियम मला तोंडपाठ होता. शिकवते मी तो.

फाईल माझ्याच कपाटात राहिली. चौदा महिने.

आणि तू दर महिन्याला विचारायचीस. "फाईल कुठवर आली वं?" मी म्हणायची, वर आहे. तू म्हणायचीस, "हे वरचे लोक ना, बाप्पा!" मग मलाच धीर द्यायचीस. "तू टेन्शन नको घेऊ, अर्चू. तू हायेस म्हणून आपली फाईल जिवंत तरी हाय." एकदा तर माझ्यासाठी संत्र्याची बर्फी आणलीस, मी वरच्यांशी भांडून थकले असेन म्हणून. मी खाल्ली ती. सगळी.

तू गेलीस त्याच्या आधीच्या बुधवारी तुझा फोन आला. आवाज बसलेला. म्हणालीस, अंग तापून राहिलं, पण रविवारी मागच्या गल्लीची मोजणी आहे, तू येतेस का, एक माणूस कमी आहे. मी म्हटलं, पेपर तपासायचे आहेत. पेपर नव्हते, वैशू. एकही नव्हता. मला फक्त परत विनोद व्हायचं नव्हतं.

पुण्यानुमोदनात भन्तेंची वंदना आणि प्रवचन झाल्यावर लोक बोलायला उठले. मंजुळाबाई बोलली. सुनीता बोलायला उठली, दोन वाक्यं बोलून खाली बसली. मग आमचे प्राचार्य उठले आणि म्हणाले, वैशालीताईंचा कोर्स यंदापासून सुरू करू, त्यांचंच नाव देऊ, आणि समन्वयक म्हणून त्यांच्या जिवलग मैत्रिणीशिवाय दुसरं कोण असणार? टाळ्या वाजल्या. चपला एवढ्या, टाळ्याही तेवढ्याच. सगळे माझ्याकडे बघत होते. मग तुझे बाबा उठले, काठी टेकत माझ्यापाशी आले, दोन्ही हातांत माझा हात घेतला. "माय, तू होती म्हणून ते फाईल जिवंत राह्यली. पोरगी सांगे मले नेहमी."

बघ ना, काय वेळ आली. चोवीस वर्षं जे हवं होतं ते सगळं एका दुपारी माझ्या ओटीत पडलं. कोर्स माझा, वस्ती माझी, टाळ्या माझ्या, तुझे बाबासुद्धा माझे. मला फक्त गप्प बसायचं होतं. आणि मी गप्प बसले. मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःख.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधल्या बोरकर बाबूंनी येऊन माझ्या कपाटातून फाईल काढली. फाईल नोंदवणारे तेच, म्हणून चौदा महिने माझ्याशिवाय फक्त त्यांनाच माहीत होतं ते पान. दार लोटून घेतलं त्यांनी, आणि हळूच म्हणाले, "मॅडम, शुक्रवारी कमिटी आहे. ते पान काढून टाकतो ना? नवीन लावू. कोणाले का समजते?"

कोणाले का समजते! खरंच कोणालाच समजलं नसतं. तूच एक होतीस जिला हे सांगायला हवं होतं, आणि तू तर जाऊन बसलीस तिकडे.

"राहू द्या फाईल," म्हटलं. दोन दिवस ती माझ्या टेबलावर होती. पान काढायला मी एकदा टॅगची गाठही सोडली, खोटं कशाला बोलू. काढलं, बाजूला ठेवलं. त्याच्याशिवाय फाईल किती छान दिसत होती. तुझं नाव आणि माझी सही, जिवलग मैत्रिणी.

मग मला तुझाच राग आला. म्हटलं, ही बाई जिवंतपणी पुढे, मेल्यावरही पुढे, आणि आता माझ्या खोटेपणातही ही चांगली आणि मी तिची चांगली मैत्रीण! तू मला चांगली समजून गेलीस ना, तेच मला सहन होईना. तुला माहीत असतं, तू भांडली असतीस, दोन शिव्या दिल्या असत्यास, तर मी सुखानं ते पान फाडलं असतं. पण तू बर्फी आणलीस.

पान परत लावलं. त्याच्याखाली माझ्याच अक्षरात लिहिलं: "वरील हरकत मी घेतली होती. ती चुकीची होती. अनुभवी प्रशिक्षक नेमण्याची तरतूद मला माहीत होती. प्रस्ताव चौदा महिने माझ्याच कपाटात होता. हरकतीचे कारण: मत्सर."

बोरकर बाबूंनी वाचलं आणि चष्मा काढला. "मॅडम, कारणात असं लिवत नाहीत. प्रशासकीय लिवा, नजरचूक लिवा." मी म्हटलं, नजरचूक नव्हती, बाबू, नजर चांगली होती, तीच तर पंचाईत. जाऊ द्या तसंच.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. काय म्हणाले ते सोड, चूक नव्हतं त्यांचं. समन्वयक मी नसेन. विभागप्रमुख राहीन की नाही ते पुढच्या महिन्यात ठरेल. स्टाफरूममध्ये आता मी गेले की बोलणं थांबतं. पण कोर्स मंजूर झाला, वैशू, तुझ्या नावानं. आणि प्रशिक्षक म्हणून सुनीताचं नाव घातलं, तू तयार केलेल्या सुनीताचं. बी.ए. सेकंड क्लास, आयटीआय सर्वेअर. नियम लावून घातलं. या वेळी नियम मीच काढून दिला.

कालच्या रविवारी खापरखेड्याला गेले. तुझ्या बाबांना त्या पानाची प्रत वाचून दाखवायला. घरासमोरच्या कडुनिंबाखाली बाजेवर बसले होते ते. मी उभ्यानंच वाचलं. सगळं. मत्सरपर्यंत.

त्यांनी पान माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाले, "चौदा महिने?"

"हो, बाबा."

"पोरगी इथी बसून म्हणे, बाबा, अर्चूनं लय जीव लावला फाईलीले." त्यांनी पान बाजेवर ठेवलं. "आन् तू गुमान आयकून घेत होती?"

मी रडायला लागले तर त्यांनी हात वर केला. "रडू नको इथी. इथी तिची माय आहे आत, तिले बरं नाही. चहा पिऊन जाय. पण म्या माफ केलं असं नको समजू, पोरी. मले नाही जमणार ते."

चहा आला. आम्ही दोघं पीत बसलो. चहा गोड होता, मी कप संपवला. जायला उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग आता मोजणी शिकवते कोण?"

"मंजुळाबाईची सुनीता. वैशूनंच शिकवलं तिला."

"चांगली आहे?"

"माझ्याहून चांगली आहे," मी म्हणाले.

आणि बसस्टॉपपर्यंत चालत येताना मला कळलं, की हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाबद्दल तरी उच्चारलं. तेवीस वर्षांच्या पोरीबद्दल म्हणता आलं. तुझ्याबद्दल कधी नाही आलं. सरांसमोर नाही, पोरांसमोर नाही, तुझ्यासमोर तर नाहीच.

तू माझ्याहून चांगली होतीस, वैशू. तू जिवंत असताना हे एकदा तरी म्हणायला मला काय धाड भरली होती?